‘वणवा’ची सुधारित आवृत्ती

"ते घरी नाहीत. दुकानात गाठा," असं म्हणून बायकोने बुलंदच्या तोंडावर दार लावलं.

"अगं, मी आहे मी!" बुलंद बाहेरून ओरडला.

आवाज ओळखीचा होता. सगळ्या इमारतीच्याच ओळखीचा होता. बायकोने दार पुन्हा उघडलं, समोरच्या माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तिच्या हातातलं पातेलं खणकन जमिनीवर आदळलं. लग्नाच्या आधीपासून जे केस बुलंदच्या खांद्यांवर रुळत होते, ते गायब होते. उन्हाने अंगाची लाही होत असतानाही जे काळं चामडी जाकीट अंगातून निघत नसे, तेही गायब होतं. त्या जागी गळ्यापर्यंत बटणं लावलेला एक फिकट गुलाबी शर्ट होता आणि त्या शर्टातून नीट भांग पाडलेलं एक डोकं वर आलं होतं.

"अगं बाई! हे कुणी केलं?" तिने घाबरून विचारलं. "किती जण होते?"

"कुणी म्हणजे काय? पैसे देऊन करून घेतलंय. इमेज आहे ही. नवी."

"पैसे देऊन?" बायको मटकन खुर्चीत बसली.

आता ‘वणवा’ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्या कानांचं नशीब थोर म्हणायचं. एके काळी हा रॉक बँड वाजायला लागला की हॉलच्या काचा थरथरायच्या आणि पहिल्या रांगेतली माणसं घरी गेल्यावरही "काय? काय म्हणालात?" करत बसायची. बुलंद त्याचा गायक. गाण्यावर पोट भरत नाही म्हणून त्याचं चष्म्याचं दुकान होतं. गिटारवर मास्तर. तो शाळेत गणित शिकवायचा, आणि त्याने गिटारवर एकट्याने वाजवायला घेतलं की बाकीचे तिघे बाहेर जाऊन चहा पिऊन यायचे. बेस गिटारवर मौनी. हा फ्रिज दुरुस्त करायचा. त्याला बोलताना फारसं कुणी ऐकलं नव्हतं, वाजवताना तर मुळीच नाही.

आणि ड्रम्सवर दणका. त्याची मोटार शिकवण्याची शाळा होती. शिकवता शिकवता तो डॅशबोर्डवर असा काही ठेका धरायचा, की शिकणारा दचकून ब्रेक दाबायचा. दणका बुलंदचा जिवलग मित्र, आणि बुलंदने त्याच्या बहिणीशी लग्न केल्यापासून मेहुणाही. एरवी तो बुलंदला अरे-तुरे करायचा. रागावला की मात्र ‘भावोजी’ म्हणायचा.

तर अशा या वणव्याचा कित्येक वर्षांत अल्बम निघाला नव्हता. कंपनीत नवे साहेब आले आणि त्यांनी सरळच सांगितलं, "एक अल्बम काढू. पण आवाज ताजा पाहिजे, चेहरे ताजे पाहिजेत. जमणार नसेल तर नमस्कार." शिवाय ताजेपणा आणायला त्यांनी एक तरुण माणूस पाठवून दिला. कानात बाळी, बुटात मोजे नाहीत, आणि बोलणं इतकं हळू, की ऐकणाऱ्याला वाटावं शेजारच्या खोलीत कुणीतरी वारलंय. मास्तरने पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘सुधारक’ ठेवलं. बुलंदचे केस ही त्या सुधारकाचीच करणी होती.

"बाकीच्यांचंही असंच केलंय?" बायकोने विचारलं.

"सगळ्यांचं. मास्तर पिस्ता, मौनी आकाशी, तुझा भाऊ लिंबू. फोटोही काढले. चौघं चार खुर्च्यांवर, चौघांची तोंडं चार दिशांना. हसायचं नाही म्हणाला."

"ते एक बरं केलं. हसायचं काम लोक करतील." मग मात्र बायको गंभीर झाली. "हे बघा, केस कापा, शर्ट घाला, काय वाट्टेल ते सुधारा. पण माझ्या भावाला दुखवलंत तर याद राखा. त्याला त्या ड्रम्सशिवाय आहे काय आयुष्यात? त्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं, तर या घरात तुमच्याशी कुणी बोलणार नाही. सांगून ठेवते."

"अगं, दणक्याला मी दुखवीन? मी?" बुलंद छातीवर हात ठेवून म्हणाला. त्या क्षणी तो अगदी मनापासून बोलत होता.

दुसऱ्याच दिवशी सुधारकाने त्याला स्टुडिओखालच्या हॉटेलात चहाला नेलं.

"काका, एक सांगू? रागावणार नाही ना?"

बुलंदला पहिला धक्का ‘काका’चाच बसला. "बोल," तो म्हणाला.

"ड्रम्स जायला हवेत."

"कुठे?"

"अल्बममधून. आजकाल इतकं कुणी बडवत नाही, काका. एक छोटंसं मशीन लावू. टक् टक् करेल, बास. नाहीतर साहेब अल्बम काढणार नाहीत."

"अरे, तो माझा मेहुणा आहे! बायको मला उभा चिरेल. आणि तिचं सोड, माझा घसा बसला होता तेव्हा दुसऱ्या बँडवाल्यांनी त्याला गाडी पाठवून बोलावलं होतं. गेला नाही तो. माझ्यासाठी वर्षभर थांबला."

"म्हणून तर आत्ता सांगायचं नाही. वाजवू दे त्याला. नंतर अल्बम ऐकला की त्याचं त्यालाच पटेल. विचार करा, काका. तुमचा आवाज पुन्हा लोकांपर्यंत जायचा असेल तर..."

हे शेवटचं वाक्य त्याने बरोबर नेम धरून मारलं होतं. बुलंदने उरलेला चहा एका घोटात संपवला. मग तो "बघ बाबा तुझं तू," असं काहीतरी पुटपुटला, आणि सुधारकाने त्याला ‘हो’ समजून मान हलवली.

आता कुणी म्हणेल, अल्बम तयार होईपर्यंत हे लपलं कसं? तर वणव्याचा एक जुना रिवाज होता. चौघं एकत्र ध्वनिमुद्रणाला बसले की हाणामारी व्हायची, म्हणून जो तो आपापला भाग एकटा येऊन वाजवून जायचा. आणि संपूर्ण अल्बम तयार झाला की सगळ्यांनी बुलंदच्या बैठकीच्या खोलीत जमून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. ऐकताना कुणी चकार शब्द बोलायचा नाही. हा नियम बायकोने केला होता, कारण पूर्वी दुसऱ्या गाण्याच्या आतच दिवाणखान्यातली काहीतरी वस्तू फुटायची.

दणका वाजवायला गेला त्या दिवशी बुलंद काचेपलीकडून बघत होता. दणक्याने असं वाजवलं, असं वाजवलं, की लिंबू रंगाचा शर्ट घामाने गडद पिवळा झाला. बाहेर येऊन त्याने बुलंदला मिठी मारली. "जन्मात असा हात लागला नव्हता रे! हा अल्बम आपल्याला तारणार बघ," तो म्हणाला. बुलंदने नंतर त्याला दुकानातला एक महागाचा गॉगल फुकट देऊन टाकला.

गंमत म्हणजे त्या दिवसांत सगळेच एकमेकांशी फार गोड वागत होते. दणका मास्तरला रोज गाडीने शाळेत सोडत होता. मास्तर बुलंदच्या घशासाठी मध घेऊन येत होता आणि "जप हं स्वतःला" म्हणत होता. घरी बायकोही त्याच्याकडे अधूनमधून कौतुकाने बघायची आणि काही न बोलता जास्तीचं वाढायची. बुलंदला वाटायचं, एवढी भली माणसं, आणि आपण मात्र नीच.

अखेर एका रविवारी सकाळी मंडळी जमली. फिकट शर्टातले चौघं सोफ्यावर ओळीने बसले, तेव्हा रंगाच्या दुकानातला नमुन्याचा तक्ता मांडल्यासारखं दिसत होतं. बायको दारापाशी खुर्ची घेऊन बसली. ती एका मोठ्या हॉस्पिटलात माइकवर पेशंटना पुकारायचं काम करायची आणि त्या दिवशी तिने मुद्दाम सुट्टी घेतली होती. याचं बुलंदला जरा नवल वाटलं, कारण एरवी अल्बम ऐकायचा दिवस आला की ती मुद्दाम ड्यूटी मागून घ्यायची.

पहिलं गाणं सुरू झालं. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग ‘टक्’ झालं. बऱ्याच वेळाने पुन्हा ‘टक्’.

दणका कान टवकारून पुढे वाकला. आपले ड्रम्स आता येतील, मग येतील, असं त्याला वाटत असावं. ते काही आले नाहीत. त्याने हळूहळू मान वळवून बुलंदकडे बघितलं. बुलंदने छताकडे बघितलं.

मग जिथे मास्तरची गिटार कडाडून उठायची, तिथे नुसताच घर्रर्र असा बारीक आवाज सुरू झाला. मौनीने तो व्यवसायाच्या सवयीने लक्ष देऊन ऐकला आणि कॉम्प्रेसर ठीक आहे अशा अर्थी मान डोलावली. मास्तर मात्र पांढराफटक पडला. त्याचा हात आपोआप वर गेला. वर्गात परवानगी मागणाऱ्या पोरासारखा तो तसाच वर राहिला, कारण बोलायची बंदी होती. आता चमकायची पाळी बुलंदची होती. गिटारही काढली? कुणी काढली? आपण तर फक्त ड्रम्सना...

जाऊ दे, त्याने मनाशी म्हटलं. आता आपला आवाज येईल. सगळं बुडालं तरी तो तारून नेईल. त्याने डोळे मिटून घेतले. शब्द त्याचेच होते, ‘जळतंय, सारं जळतंय’ असे, आणि ते त्याने पोटाच्या तळापासून ओरडून म्हटले होते.

"जळतंय," स्पीकरमधून एक शांत, सपाट बाईमाणूस म्हणालं. "सारं जळतंय."

एक्स-रे दुसऱ्या मजल्यावर आहे हे सांगावं, इतक्या निर्विकारपणे.

बुलंदने खाडकन डोळे उघडले. हा आवाज तो ओळखत होता. ओला टॉवेल पलंगावर टाकू नका, हे त्याला रोज सकाळी याच आवाजात सांगितलं जायचं! त्याने वळून दाराकडे बघितलं. बायको खाली मान घालून, पदराच्या टोकाशी चाळा करत, लाजत होती.

बुलंदला ओरडावंसं वाटत होतं, पण नियम म्हणजे नियम. आणि अल्बम चांगला लांबलचक होता. गाण्यामागून गाणी गेली. कुणी हललं नाही. तिघं जण तोंड उघडं टाकून बसले होते आणि बायको अधूनमधून ओठांतल्या ओठांत आपलेच शब्द म्हणत होती.

शेवटचं ‘टक्’ झालं.

"भावोजी," दणका फारच शांतपणे म्हणाला, "माझे ड्रम्स कुठे आहेत?"

"हो, खरंच!" बायको भानावर आली. "याचे ड्रम्स ऐकूच आले नाहीत मला."

"ते... म्हणजे... तो सुधारक म्हणाला, नाहीतर अल्बम निघणार नाही," बुलंद चाचरत म्हणाला. "मी ‘हो’ असं म्हटलंच नाही. ‘बघ बाबा’ म्हटलं."

"शरम वाटायला हवी!" मास्तर कडाडला. "सख्ख्या मेहुण्याचे ड्रम्स! आणि माझी गिटार? तीही तूच खाल्लीस?"

"शप्पथ! गिटारीचं मला काहीच माहीत नाही!"

दणका एकाएकी खिडकीबाहेर बघायला लागला.

"दणक्या?" मास्तरने विचारलं.

"ती लांबते रे, मास्तर," दणका खिडकीकडेच बघत म्हणाला. "तो म्हणाला, गिटार लांबते. आता लांबते हे खरं की खोटं? मी फक्त मान हलवली. रोज शाळेत सोडत होतो ना तुला?"

"म्हणून सोडत होतास? मेल्या!"

"एक मिनिट," बुलंद उभा राहिला. त्याच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडत होता. "मग माझा आवाज कुणी काढला?"

मास्तर घाईघाईने उठला. "मला पेपर तपासायचेत..."

"बस खाली!"

मास्तर बसला. "मी गुडघा दाखवायला हॉस्पिटलात गेलो होतो," तो म्हणाला. "सुधारक सोबत होता. वहिनींनी माइकवर माझा नंबर पुकारला आणि तो पुतळ्यासारखा उभाच राहिला. म्हणाला, हाच तो नवा आवाज! यात भावनाच नाहीत! मला विचारलं, काकांचं काय करायचं. मी काय बोलणार?"

"‘नाही’ बोलायचं!"

"तू बोललास, दणक्याच्या वेळी?"

बुलंद बायकोकडे वळला. "आणि तू? तू नवऱ्याच्या जागी गाऊन आलीस?"

"मला काय ठाऊक! मास्तर म्हणाले, तुम्ही आपणहून जागा सोडलीये, फक्त विषय काढू नका, वाईट वाटतं त्यांना. मी म्हटलं, केवढं मोठं मन या माणसाचं! जास्तीचं वाढत होते मी तुम्हाला." तिचा आवाज एकदम चढला. "आणि तुम्ही? माझ्या भावाचा काटा काढून माझ्याच घरात जेवत होतात!"

थोडक्यात, ज्याने त्याने दुसऱ्याचा बळी दिला होता आणि आपण सुखरूप आहोत या समजुतीत मध वाटला होता. सबंध अल्बमभर जुन्या वणव्यातलं एकच माणूस शाबूत होतं. मौनीला काढायचं सुधारकाच्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण तो आहे हेच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. सगळ्यांनी एकाच वेळी त्याच्याकडे बघितलं.

मौनीने घसा साफ केला. "मला चालेल," तो म्हणाला.

दणका मात्र हसला नाही. तो उठला आणि गाडीची किल्ली शोधायला लागला. "मीही धुतल्या तांदळासारखा नाही, मान्य आहे," तो बुलंदला म्हणाला. "पण तू तोंडावर सांगायला हवं होतंस. मी भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या, आणि मग इथेच बसलो असतो. जातो कुठे मी?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बायकोने ते बघितलं आणि बुलंदकडे पाठ फिरवली. आता हिचं बोलणं कायमचं बंद, हे बुलंदला पाठीवरूनच कळलं.

तेवढ्यात फोन वाजला. सुधारकच होता. बुलंदने सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन टेबलावर ठेवला.

"काका, ऐकलंत ना? साहेब जाम खूश आहेत! फक्त म्हणाले, जुन्या चाहत्यांसाठी एखादी जुनी गोष्ट राहू दे. एकच हं. तर तुमचा आवाज परत घालू, की ड्रम्स?"

बुलंदने फोनकडे बघितलं. एवढा खटाटोप, केस, शर्ट, सगळं या आवाजापायी तर केलं होतं. एका शब्दात तो परत मिळत होता. मग त्याने दाराशी किल्ली घेऊन उभ्या असलेल्या दणक्याकडे बघितलं.

"ड्रम्स घाल," बुलंद म्हणाला.

"नक्की, काका? मग तुम्ही कुठेच नसाल."

"एकदा सांगितलेलं कळत नाही? ड्रम्स घाल! सगळेच्या सगळे घाल!" आणि त्याने फोन बंद केला, कारण त्याला रडू येत होतं आणि ते सुधारकाला ऐकवायचं नव्हतं.

दणक्याच्या हातातली किल्ली पडली. त्याने धावत येऊन बुलंदला उचललंच. "अरे बुलंद! अरे गाढवा!" तो म्हणत राहिला. बायकोने डोळे पुसले आणि ती सगळ्यांदेखत म्हणाली, "माणूस चुकतो, पण असं मोठं मन मी कुठे बघितलं नाही." त्या दिवशी बुलंदला सबंध घराने डोक्यावर घेतलं. आवाज गेला त्याचं दुःख होतंच, पण घर राहिलं होतं.

पुढच्या रविवारी नव्याने केलेला अल्बम आला. पुन्हा सगळे जमले, पुन्हा तोच नियम. पहिलं ‘टक्’ काही ऐकू आलं नाही, कारण त्याच्या आधीच दणका सुरू झाला होता. काय ते ड्रम्स! कपाटातल्या बशा किणकिणायला लागल्या, वरच्या मजल्यावरच्यांनी जमिनीवर काठी आपटली. दणका सोफ्याच्या हातावर ठेका धरून डोलत होता. बुलंद मोठ्या प्रेमाने त्याच्याकडे बघत होता. बायको मात्र खुर्ची सरकवत सरकवत स्पीकरच्या जवळ गेली. मग आणखी जवळ. शेवटी तिने कानच लावला. ‘जळतंय’मधला ‘ज’ कुठेतरी ऐकू आल्यासारखा वाटला, बाकी सगळं ढमाढम.

संपल्यावर दणका घाम पुसत म्हणाला, "ताई, कसं झालंय?"

"छान," ताई म्हणाली. "छानच."

मंडळी पांगली. बुलंद चहाचे कप गोळा करून स्वयंपाकघरात निघाला, तर मागच्या गॅलरीतून आवाज आला. तोच, हॉस्पिटलच्या माइकवरचा, शांत आणि सपाट.

"हो, मीच बोलतेय. ड्रम्स काढा. नाही, कमी करू नका. काढा. हो, सगळे. ह्यांना विचारायची काही गरज नाही."

बुलंदच्या हातातले कप खळाखळा वाजले. बायकोने वळून बघितलं. फोन ठेवला.

"अगं!" बुलंद म्हणाला. "तो तुझा भाऊ ना? त्याला दुखवायचं नाही ना? मी माझा आवाज दिला त्याच्यासाठी!"

"लहानपणापासून हा असाच आहे!" बायको उसळून म्हणाली. "मी जरा काही म्हणायला लागले की हा डबे बडवायला बसायचा. आई म्हणायची, लहान आहे, जाऊ दे. किती वर्षं जाऊ द्यायचं? आयुष्यात पहिल्यांदा चार लोक माझं ऐकणार होते!"

हे दुःख बुलंदच्या फारच ओळखीचं होतं, त्यामुळे त्याला रागावताही येईना.

"बरं," तो शेवटी हळूच म्हणाला. "पण या खेपेला तोंडावर सांगायला हवं त्याला."

"सांगायलाच हवं. लपवाछपवी वाईट." बायकोने त्याच्या हातातले कप काढून घेतले आणि दाराकडे बोट दाखवलं. "जा, अजून जिन्यातच असेल."

"मी सांगू?"

"मग काय मी? अहो, सख्खी बहीण आहे मी त्याची!"